डबकेबाईंचं शिळं पाणी

तुमच्या हातांना आत्ता काय काय लागलंय, सांगता येईल का? सकाळचा साबण, केसांचं तेल, भांड्यांची पावडर, बसच्या दांडीवरचा शंभर जणांचा घाम. तुम्ही म्हणाल, छे, माझे हात स्वच्छ आहेत.

मीही तेच म्हटलं होतं. तेव्हा माझ्या हातात आईस्क्रीमचा रिकामा डबा होता आणि डब्यात चार बोटं पाण्यात एक फिकट गुलाबी प्राणी. सरड्यासारखा आकार, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे लाल कल्ले. ॲक्सोलोटल. कुणीतरी तो एका इमारतीच्या जिन्याखाली ठेवून पळ काढला होता. टाकून दिलेल्या जनावरांसाठी मी गावभर भांडत फिरते, म्हणून लोक मलाच फोन करतात. पण माझं सगळं ज्ञान कुत्र्यामांजरांचं. हे पाण्यातलं प्रकरण घेऊन जायचं कुठं, तर सगळ्यांनी एकच पत्ता सांगितला. दुसरा मजला, डबकेबाई.

दार उघडलं ते साठीच्या पुढच्या एका बारीक, काटक बाईनं. मला आत या म्हटलं नाही.

"डबा खाली ठेव. आधी हात."

"स्वच्छ आहेत हो माझे."

"कशानं धुतलेस?"

"साबणानं."

"म्हणजे घाण आहेत. चल, नळाखाली धर. चोळ. आणखी चोळ. पुसू नकोस, ओलेच राहू देत."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण त्यांनी तेव्हा जे सांगितलं ते पुढं कुठल्याही पुस्तकात मला इतक्या सरळ भेटलं नाही. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. कातडीनं पितो. पोटाखाली, मांड्यांच्या मधे पातळ कातडी असते, ती पाण्यात टेकवून बसला की झालं. श्वासही बराचसा कातडीतूनच. "तू हाताला क्रीम लावून त्याला उचललंस," बाई म्हणाल्या, "की ते त्याला पाजलंस. त्याला दार नाही, समजलं? भिंतच नाही त्याला. बाहेर जे आहे ते आत."

डबकेबाई हे नाव खालच्या किराणावाल्यानं पाडलं होतं. बाईंना ते आवडायचं. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तिन्ही भिंतींना लोखंडी मांडण्या आणि त्यांवर काचेच्या टाक्या. ॲक्सोलोटलांना उकाडा सोसत नाही म्हणून त्यांच्या टाक्यांभोवती ओली पोती गुंडाळलेली आणि पाण्यावरून वारा जाईल असा टेबलफॅन लावलेला. घरात पंखा तो एकच. बाई आतल्या खोलीत घाम पुसत झोपायच्या. मी एकदा म्हटलं, एक पंखा स्वतःला घ्या की. तर म्हणाल्या, "मी घाम गाळू शकते. त्यांना ती सोय नाही."

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. माणूस म्हणावं असं एकच, धाकटा भाऊ. तो पाणीपुरवठा खात्यात, शुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर. दर रविवारी जेवायला यायचा आणि दर रविवारी तोच विनोद करायचा. "ताई, तुझ्याकडे जेवायचं म्हणजे आधी ताटात बघावं लागतं, काही हलतंय का."

"हललं तर तुझं नशीब," बाई म्हणायच्या. "एरवी तुला ताजं कोण वाढतंय?"

बाईंची नोकरी एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. एकतीस वर्षं. प्राध्यापक आले, गेले, बाई तिथंच. तेव्हा बेडूक ओल्या पोत्यांतून यायचे. ते सिमेंटच्या हौदात सोडायचे, लागतील तेवढे काढायचे, बरणीत क्लोरोफॉर्मचा बोळा टाकायचा, मग ट्रेमध्ये उताणे करून हातापायांना टाचण्या मारायच्या. टाचण्या बाईच मारायच्या, कारण मुलांचे हात थरथरायचे.

"किती मारले असतील?" मी विचारलं होतं. मला असले प्रश्न विचारायची खोड आहे.

"मोजले नाहीत. मोजले असते तर नोकरी झाली नसती."

एका खेपेला पोत्यातून एक वेगळाच निघाला. खडबडीत, फोडाफोडांची कातडी, आखूड पाय, उड्या मारायच्या सोडून चालणारा. टोड. प्राध्यापक म्हणाले, हा पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाही, टाकून द्या. बाईंनी त्याला जेवणाच्या डब्यात घालून घरी आणलं. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याचं नाव हेडक्लार्क. दिवसभर एका जागी बसणार, कुणी समोर आलं की डोळे मिटणार, आणि खायचं आलं की काय ती चपळाई! गिळताना तो डोळे आत ओढायचा. बेडकाचे डोळे घास खाली ढकलायला मदत करतात, हे मला बाईंनी तिथंच दाखवलं. महिन्यातून एकदोनदा अंगावरची जुनी कातडी मोज्यासारखी काढून तोंडात कोंबायचा. "साहेब फाईल गिळतायत," असं बाई म्हणायच्या.

तो आला आणि बाईंनी शिकायला सुरुवात केली. शिकवणारं कुणी नव्हतंच. प्रयोगशाळेत शिकवलं जायचं ते बेडूक मेल्यानंतरचं. जिवंत कसा ठेवायचा, हे त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

पहिली अडचण पाण्याची. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो, माणसाला तो चालतो, बेडकाला भाजतो. प्रयोगशाळेत हायपोचे खडे असायचे. चिमूटभर टाकले की क्लोरिन मरतो. बाई ते वापरायच्या. मग एका रविवारी भावानं ते पाहिलं.

"ताई, औषध कशाला घालतेस? मी रोज तेच काम करतो. क्लोरिन म्हणजे वायू. पिंप उघडं ठेव एक दिवस, आपोआप उडून जातो. फुकटचं रसायन कशाला त्या मुक्या जिवाच्या अंगाला?"

पाणी खात्यातला माणूस, आणि सख्खा भाऊ. बाईंनी खडे फेकून दिले. तेव्हापासून घरात सहा निळी पिंपं आली. आज भरलेलं पाणी उद्या वापरायचं. प्रत्येक पिंपावर खडूनं वार लिहिलेला. शिळं पाणी, असं त्या म्हणायच्या, आणि घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो धडा द्यायच्या. मीही तो पन्नास जणांना दिला असेल. वर प्रयोगशाळेतून आणलेली थेंबांची बाटली होती. परीक्षानळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग आला तर क्लोरिन आहे. बावीस वर्षांत शिळ्या पाण्याला रंग आला नाही.

निवृत्तीनंतर टाक्या वाढल्या, कारण लोक वाढले. ॲक्सोलोटल दिसतो हसरा, म्हणून पोरांच्या वाढदिवसाला घेतात. ते हसू नव्हे, तोंडाची ठेवणच तशी. उकाड्यानं शिजत असतानाही तो तसाच दिसतो. खाली रंगीत खडे टाकतात, तो खाण्याबरोबर खडे गिळतो आणि पोट तुंबून मरतो. किंवा दोन एकत्र ठेवतात आणि एक दुसऱ्याचा पाय तोडतो. पाय परत उगवतो, बोटांसकट. ते बघायला म्हणून मुद्दाम पाय कापणारा एक महाभाग मी पाहिलाय. त्याला मी काय म्हटलं ते इथं छापता येणार नाही.

गेल्या वर्षी बाईंकडे तेवीस जीव होते. अकरा ॲक्सोलोटल, सात हिरवे झाडबेडूक, चार शिंगाळे बेडूक (डोळ्यांवर शिंगांसारखे उंचवटे, बाकी नुसतं तोंड आणि पोट, बशीएवढे), आणि हेडक्लार्क.

चौथा शिंगाळा मी आणलेला होता. एका बंद पडलेल्या दुकानात कुलपाआड राहिला होता. बाईंनी त्याला रिवाजाप्रमाणे न्हाणीघरात वेगळा ठेवला. वेगळी बादली, वेगळी जाळी, तीस दिवस. बेडकांत एक बुरशी असते, कातडीला लागते आणि घरच्या घर साफ करते. त्या एका गोष्टीची बाईंना दहशत होती. शेवटी त्याचं काम करायच्या आणि हात धुऊन मग जेवायला बसायच्या.

त्याला आणून दहा दिवस झाले आणि सुरुवात झाली.

आधी झाडबेडूक. ते दिवसा पानाला चिकटून झोपतात. त्या मंगळवारी सातही काचेवर चढून झाकणाला नाक लावून बसले होते, पाण्यापासून जमेल तेवढे लांब. मग ॲक्सोलोटलांचे कल्ले पुढं वळले, टोकं झडायला लागली, अंगावर बुळबुळीत पांढरा थर आला. बाईंनी मला बोलावलं. मी पोचले तेव्हा त्या खाली बसून जमिनीवर जाळ्या मांडून मोजत होत्या.

"ही न्हाणीघरातली. ही बाहेरची. मी बदलली नाही. की बदलली? तू बघ, ह्या जाळीला निळा दोरा आहे ना?"

"आहे."

"मग बुरशी आत आली कशी?"

ज्याला कळत नाही तो घाबरतो तेव्हा पाणी बदलतो, आणि ज्याला कळतं तोही तेच करतो. आजारी टाकीत पाणी ताजं ठेवायचं हा नियम आहे. एरवी बाई आठवड्याला थोडं पाणी बदलायच्या. आता रोज. मग सकाळ-संध्याकाळ. सहा पिंपं पुरेनात म्हणून आणखी दोन आणली. दर वेळी थेंब टाकून बघायच्या. पाणी नितळ. "वासही कमी येतोय हल्ली," म्हणाल्या, "पाणी तरी बरं सोडतायत."

गुरुवारी दोन झाडबेडूक गेले. शनिवारी तीन ॲक्सोलोटल. तेच हसरं तोंड घेऊन तळाशी आडवे. बाईंनी ते चमच्यानं उचलले, हातानं नाही, मेलेल्यालाही हात लावताना त्यांनी आधी हात धुतले.

मला राग आला की तो कुणावर तरी काढावा लागतो. आणलेला बेडूक माझा होता, ठपका माझ्यावर येणार होता. मी म्हटलं, "बाई, वय झालंय तुमचं. हात कुठंतरी चुकला असेल."

त्यांनी नळाखाली हात धरले आणि चोळत राहिल्या, कोपरापर्यंत. मी निघाले तरी नळ चालूच होता.

मेलेले दोन बर्फात घालून आणि न्हाणीघरातला शिंगाळा डब्यात घालून मी जनावरांच्या डॉक्टरकडे नेले. तो गुरं आणि कुत्री बघणारा, पण भला माणूस. त्यानं कातडीचे नमुने एका ओळखीच्या ठिकाणी पाठवले आणि चौथ्या दिवशी फोन केला.

"बुरशी नाही. दोनदा बघितलं. शिंगाळ्याच्या कातडीवरही नाही. पण कल्ले भाजल्यासारखे झालेत. पाण्यात काय बदललं?"

"काहीच नाही. बावीस वर्षं एकच पद्धत."

"मग पाणीच बदललं असेल. तपासून घ्या."

तोवर तेवीसांचे नऊ उरले होते. हेडक्लार्क जमिनीवर राहणारा म्हणून टिकला होता, पण त्याच्या भिजायच्या पसरट वाटीतलं पाणीही बाई आता दिवसातून दोनदा बदलत होत्या. त्याच्या पोटाखालची कातडी लाल झाली होती. "एवढा एक राहू दे," बाई पहिल्यांदा असं बोलल्या. "बाकीचे लोकांचे. हा माझा. ह्याला मी टाचणी मारली नाही."

पाणी तपासायचं तर भावासारखं हक्काचं माणूस कोण? मी पिंपातलं पाणी बाटलीत भरलं आणि शुद्धीकरण केंद्रावर गेले. गेटच्या आत मोठे गोल हौद, पुढं बुटकी इमारत, तिच्यात भावाचं टेबल. बाटली बघून हसला.

"ताईनं पाठवलं? तिला अजून माझ्यावर विश्वास नाही होय!"

"बेडूक मरतायत दादा. चौदा गेले."

"चौदा?" त्याचं हसू गेलं. "रविवारी माझी पाळी होती, येता आलं नाही. मला सांगितलं का नाही तिनं?"

त्यानं पाणी यंत्राच्या काचेच्या नळीत ओतलं, एक गोळी टाकली. "हा मोकळा क्लोरिन. बघ, शून्य. पाणी ठीक आहे." मग दुसरी गोळी हातात घेतली आणि तशीच धरून राहिला.

"काय झालं?"

त्यानं गोळी टाकली. पाणी गुलाबी झालं. तो खुर्चीत बसला.

"आम्ही बदललंय," तो म्हणाला. "गेल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून. लांबच्या वस्त्यांपर्यंत क्लोरिन टिकत नव्हता. आता त्यात अमोनिया मिसळतो. दोन्ही मिळून क्लोरामाईन होतं. ते टिकतं. वास कमी येतो."

"टिकतं म्हणजे? पिंप उघडं ठेवलं तर?"

"नाही उडत."

"एक दिवसात?"

"आठवड्यातही भरवसा नाही."

"आणि ताईंचे थेंब?"

"ते फक्त मोकळा क्लोरिन दाखवतात. हा बांधलेला. तो त्यांना दिसतच नाही."

मी तिथं जे बोलले ते त्या इमारतीतल्या सगळ्यांनी ऐकलं. त्यानं मान वर केली नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "माझ्या डोक्यातच आलं नाही. बावीस वर्षांपूर्वी बोललेलो. मला वाटलं, ती अजून ते खडे घालत असेल." मग म्हणाला, "नाही. खोटं बोलतोय. दर रविवारी पिंपं बघतो मी. त्यांना टेकून बसतो."

नळी धुता धुता म्हणाला, "तिला सांगू नका. नवीन औषध आलंय म्हणून खडे देतो. बुरशीच होती म्हणा."

"आणि ती मरेपर्यंत हात धूत बसू दे?" मी म्हटलं. "उठा."

तो उठला. कपाटातून हायपोची बरणी काढली, पिशवीत टाकली. बसमध्ये तो बरणी मांडीवर धरून बसला होता, आणि मी खिडकीबाहेर बघत होते, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर मी पुन्हा सुरू झाले असते.

बाई बादली घेऊन उभ्या होत्या. संध्याकाळचं पाणी बदलायची वेळ. ॲक्सोलोटलांच्या टाकीवर बादली कलती केली होती. भाऊ चपला न काढता आत गेला आणि त्यानं दोन्ही हातांनी बादली धरली.

"ताई, नको ओतू."

"सोड. सांडेल."

"हेच आहे. हेच पाणी आहे, ताई."

त्यानं सगळं सांगितलं. उभ्यानंच, बादली दोघांच्या हातात. तारीख सांगितली, अमोनिया सांगितला, थेंबांना का दिसत नाही ते सांगितलं. बाई प्रयोगशाळेतल्या, त्यांना दोनदा सांगावं लागलं नाही. त्या बादलीतल्या पाण्याकडे बघत होत्या.

"म्हणजे मंगळवारपासून मी रोज..."

"हो."

"दोन वेळा."

"हो, ताई."

"जे आजारी, त्यांना जास्त."

त्यानं बादलीवरचे हात काढले.

बादली त्यांनी खाली ठेवली. स्टुलावर बसल्या. मला वाटलं आता रडतील, किंवा त्याला मारतील. मी मारलं असतं. त्यांनी अगदी ऑफिसातल्यासारखं विचारलं, "बदल करायच्या आधी कुणाला कळवलं का?"

"बोर्डावर नोटीस लावली होती. आणि दवाखान्यांना. जिथं मशिनवर रक्त धुतात, डायलिसिस, तिथं. त्यांचं पाणी थेट रक्ताला लागतं, त्यात हे चालत नाही. त्यांना फोन केला."

"कुणी?"

तो खाली बघत होता.

"कुणी केला रे फोन?"

"मी. यादी होती. सात नंबर होते. सातही मीच लावले."

"सात लावलेस," बाई म्हणाल्या. "आठवा पाठ होता तुला."

त्यानंतर बाई त्याच्याशी बोलल्या नाहीत.

हायपोचे खडे टाकले. पण खडे क्लोरामाईन फोडतात, तेव्हा अमोनिया सुटा होतो, आणि तो खाणारे चांगले जंतू टाकीच्या फिल्टरमधल्या स्पंजात असतात. हे रोजचं ताजं पाणी ओतून ओतून ते जंतूही गेले होते. शुक्रवारपर्यंत आणखी चार ॲक्सोलोटल मेले आणि उरलेले दोन शिंगाळे. त्यांतला एक मी आणलेला. त्याला काहीही रोग नव्हता.

हेडक्लार्क नऊ दिवस झगडला. डॉक्टर दोनदा घरी येऊन गेला. बाईंनी त्याला उकळून गार केलेल्या, खडे टाकलेल्या, दोन्ही गोळ्यांनी तपासलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर ठेवलं होतं. गांडूळ पुढं धरलं की तो मान वळवायचा, जीभ काढायचा नाही. आठव्या दिवशी त्यानं कातडी टाकली, पण ती खायची ताकद उरली नव्हती. ती अर्धी तोंडातून लोंबत राहिली. बाईंनी ओल्या बोटानं ती हळूच सोडवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा कापड वाळत घातलं होतं आणि डबा रिकामा होता.

भाऊ जिन्यात बसला होता. रोज येत होता, पाळी संपली की. बाई दार उघडायच्या, त्याच्याकडे न बघता आत जायच्या. तो फिल्टर धुवायचा, पाणी तपासायचा, आकडा कागदावर लिहायचा आणि जायचा. पाण्याचा पेला समोर यायचा नाही. तोही मागायचा नाही.

"तुम्ही स्वतः का नाही करत?" मी बाईंना विचारलं. दोन ॲक्सोलोटल शिल्लक होते, कल्ल्यांची नवी टोकं फुटायला लागली होती.

"माझा हात नको," म्हणाल्या. "तुझंच खरं झालं. हात चुकला."

मी म्हटलं, मी मूर्ख होते, तोंडाला येईल ते बोलले, हात तुमचा चुकला नाही. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकलं असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली. हेडक्लार्क गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या पाणी खात्याच्या मुख्य कार्यालयात गेल्या. मी सोबत होते. इंजिनियर साहेब तरुण, सभ्य माणूस.

"बोर्डावर लावलं होतं की मॅडम आम्ही."

"बोर्ड कुठं आहे?" मी विचारलं.

"केंद्रावर, गेटच्या आत."

"आणि गेटवर पाटी काय? परवानगीशिवाय प्रवेश नाही! भुतांनी वाचायची का नोटीस?"

बाईंनी माझा दंड दाबला. "साहेब, डायलिसिसवाल्यांना फोन का केलात?"

"त्यांचं पाणी पातळ पडद्याआड रक्ताला भिडतं ना."

"बेडूक तसाच आहे. चोवीस तास. त्याची कातडीच तो पडदा आहे." मग त्यांनी त्याला समजावलं, पोटाखालची कातडी, कल्ले, सगळं, टेबलावरच्या कागदावर चित्र काढून. साहेब हसायच्या बेतात होता, पण चित्र बघता बघता राहून गेला. म्हणाला, "खरं सांगू का, असं कुणी घरात ठेवत असेल, हे आम्हाला कळणार कसं?"

"तुमच्या यादीत लिहा."

त्यानं यादीची वही मागवली. सात दवाखाने. त्याखाली त्यानं एक रेघ मारली आणि वही बाईंपुढं सरकवली. बाईंनी नंबर लिहिला. अक्षर वाकडं आलं, बोटं धुऊन धुऊन फुटली होती. साहेब म्हणाला, पाण्यात काही बदलायचं झालं तर आठ दिवस आधी फोन येईल, पण एका नंबरासाठी ही पद्धत किती दिवस चालेल सांगता येत नाही, पुढचा माणूस पान फाडूनही टाकेल. परत येताना बाई म्हणाल्या, "मला आता कशाला फोन? दोघंच तर उरलेत."

तुमच्याही घरात अशी काचेची टाकी असेल. बेडूक असेल, ॲक्सोलोटल असेल, नुसते मासे असतील. मासेही ह्याच पाण्यानं मरतात. तुम्हीही पिंप एक दिवस उघडं ठेवत असाल, कुणीतरी सांगितलं म्हणून, कदाचित मीच सांगितलं म्हणून. ते आज थांबवा. तुमच्या गावच्या पाणी खात्याला फोन लावा आणि एकच विचारा, पाण्यात नुसता क्लोरिन घालता की अमोनियाही. उत्तर मिळालं की फोन ठेवू नका. बदल करण्याआधी ज्यांना कळवता त्या यादीत माझा नंबर लिहा, असं सांगा, आणि लिहिलेला नंबर त्यांच्याकडून एकदा वाचून घ्या.